रुजू होण्याआधीचे पस्तीस दिवस

प्रश्न असा आहे: ‘ताई, मी सांगलीची, वय 27. चाकणमधली नोकरी सोडते आहे, शेवटचा दिवस 31 ऑक्टोबर. 15 जानेवारीला श्टुटगार्टमध्ये रुजू व्हायचंय. जर्मनीच्या व्हिसासाठी पासपोर्ट दिलाय, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परत येईल असं वाटतं. मधल्या 45 दिवसांत थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया आणि बाली एकटीनं करायचं मनात आहे. बँकॉकहूनच थेट जर्मनीला गेले तर तिकिटाचे पैसे वाचतील ना? स्कूटर घ्यावी का? खर्च किती येईल? आई घाबरली आहे. ती म्हणते, आधी नोकरीला लाग, मग फिर.’

जा. नक्की जा. आईचं ‘मग फिर’ हे प्रेमातून आलंय, पण ते ‘मग’ लवकर येत नाही हे तिला नीट समजावून सांग. जर्मनीत पाच दिवसांचा आठवडा असेल तर कायद्यानं वर्षाला किमान 20 दिवस रजा मिळते, बऱ्याच कंपन्या 30 देतात, म्हणजे रजेची ददात नाही. पण पूर्ण रजेचा हक्क सहा महिने भरल्यावर लागतो, प्रोबेशनही बहुतेक ठिकाणी तेवढंच असतं, आणि पहिल्या वर्षाची रजा घरी येण्यातच संपते. डोक्यावर कुठलंही काम नसलेले सलग पाच आठवडे पुन्हा कधी मिळतील, सांगता येत नाही. मी 2012 साली जर्मनीत रुजू होण्याआधी अशीच महिनाभर या देशांतून फिरले होते. चार वर्षांनी परत आले आणि तेव्हापासून पुण्याहून लहान लहान गट घेऊन त्याच रस्त्यांवर जाते. त्यामुळे पुढचं बरंचसं आनंदानं सांगते आणि काही गोष्टी हट्टानं.

हट्ट असा, की ही सहल नोकरीच्या आधीची आहे हे एक क्षणही विसरायचं नाही. तीन गोष्टी जशा नेल्या तशा घरी परत आल्या पाहिजेत: पासपोर्ट, शरीर आणि जर्मनीसाठी बाजूला ठेवलेले पैसे. बाकी सगळं चुकलं तरी बिघडत नाही. बस चुकली, पाऊस लागला, एखादं शहर आवडलं नाही, सगळं चालतं.

आधी पासपोर्ट. ‘दुसऱ्या आठवड्यात येईल असं वाटतं’ यातल्या ‘वाटतं’वर विमानाचं तिकीट काढू नकोस. नोव्हेंबर-डिसेंबरात दूतावासांकडे गर्दी असते, एखादा कागद मागतात, तारीख आठ-पंधरा दिवस सहज सरकते. पासपोर्ट हातात आला, व्हिसाच्या स्टिकरवरचं नाव, जन्मतारीख आणि ‘या तारखेपासून वैध’ हा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी वाचला, की मग तिकीट. त्यासाठी हजार-दोन हजार जास्त गेले तरी जाऊ देत. थायलंडनं 2023च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ द्यायला सुरुवात केली, म्हणून ऐन वेळी निघण्यासाठी बँकॉक हीच सोयीची जागा. व्हिसा लागतो का आणि किती दिवस राहता येतं, हे नियम मात्र बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढशील त्या दिवशी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घे. 1 मे 2025पासून थायलंडला पोचण्याआधीच्या तीन दिवसांत एक डिजिटल आगमन-पत्र ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही, एवढं समजून घे.

व्हिएतनामचा ई-व्हिसा 2023च्या ऑगस्टपासून 90 दिवसांचा मिळतो, एका प्रवेशाचे 25 डॉलर. इथे आपल्या मराठी लोकांची एक हमखास चूक होते. आपल्या पासपोर्टात ‘दिलेलं नाव’ या रकान्यात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं, अशी दोन्ही नावं असतात. अर्ज भरताना मुली नुसतं स्वतःचं नाव आणि आडनाव टाकतात आणि विमानतळावर काउंटरवरचा माणूस बोर्डिंग पास द्यायला नकार देतो. पासपोर्टाच्या शेवटच्या दोन ओळी, त्या बाणांच्या खुणा असलेल्या, समोर ठेव आणि अक्षर न् अक्षर तसंच भर. देशात कुठल्या नाक्यावरून शिरणार तेही अर्जात निवडायचं असतं. ते बदलत बसू नकोस, हनोई विमानतळ निवड आणि तिथेच उतर. लाओसचा व्हिसा सीमेवर मिळतो. त्याला पासपोर्टचं एक अख्खं पान जातं, म्हणून कोरी पानं आत्ताच मोजून ठेव. डॉलरच्या नोटा कोऱ्या करकरीत ने. घडी पडलेली, शाई लागलेली किंवा कोपरा फाटलेली नोट तिथे परत करतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्कूटरवाले, कधीकधी सायकलवालेसुद्धा, अनामत म्हणून पासपोर्ट मागतात. देऊ नकोस. कितीही हसतमुख बाई असू दे, दुकानात दुसऱ्या लोकांच्या पासपोर्टांची चळत दिसत असू दे, तू द्यायचा नाहीस. पैशांत अनामत घेणारं दुकान दोन गल्ल्यांपलीकडे असतंच. तुझ्या पासपोर्टात जर्मनीचा व्हिसा चिकटवलेला असेल. तो हरवला तर भारतीय दूतावास जो आपत्कालीन दाखला देतो, त्यानं फक्त मायदेशी परत येता येतं. मग नवा पासपोर्ट, मग पुन्हा व्हिसा, आणि 15 जानेवारी निघून गेलेली असते. माझ्या गटातल्या एका मुलाचं हेच झालं होतं. त्याची नोकरी टिकली, पण रुजू व्हायला सात आठवडे उशीर झाला आणि तेवढे दिवस तो घरात कुणाशी धड बोलला नाही.

बँकॉकहून थेट जर्मनी? नको. तिकिटात वाचतील त्याहून जास्त दुसरीकडे जातील. पाठीवर सात किलोची पिशवी घेऊन तू जानेवारीच्या थंडीत श्टुटगार्टला उतरणार, आणि तुझ्या पदवीची मूळ प्रमाणपत्रं, नोकरी सोडल्याचं पत्र, मोठ्या बॅगा, भाजणी, सगळं सांगलीत. मूळ कागद घेऊन पाच आठवडे होस्टेलातून फिरायचं असला विचारही करू नकोस. दुसरं कारण तापाचं. डेंग्यूचा डास चावल्यापासून ताप चढेपर्यंत चार ते दहा दिवस जातात. शेवटच्या आठवड्यात चावलेला डास घरी पोचल्यावर कळतो. तेव्हा आपल्या माणसांत, आपल्या डॉक्टरांपाशी असावं. परक्या गावात, जिथे अजून पत्ताही नोंदवलेला नाही, तिथे डेंग्यू काढणं फार वाईट. आणि तिसरं कारण आई. तिला तू परत आलेली दिसू दे. ते पंधरा दिवस तिच्यासाठी सगळ्या सहलीपेक्षा मोठे आहेत.

म्हणून हिशोब असा कर: 15 नोव्हेंबरच्या आसपास निघायचं, 20 डिसेंबरच्या आत परत. नाताळच्या आठवड्यात त्या भागातली भाडी आणि तिकिटं दोन्ही चढतात, त्याआधी बाहेर पडलेलं बरं. पासपोर्टाला उशीर झाला तर मागची तारीख ढकलायची नाही, सहल कापायची. जानेवारीच्या 7-8 तारखेला जर्मनीला निघ. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, त्यालाच आनमेल्डुंग म्हणतात. बँक, कर-क्रमांक अशा पुढच्या बऱ्याच गोष्टी तिच्यावर अडतात, तेव्हा तिची वेळ आत्ताच ऑनलाइन पाहायला लाग.

पस्तीस दिवसांत पाच देश होत नाहीत. विमानतळ होतात. बाली काढून टाक. ते बाकीच्या चारांपासून लांब आहे आणि डिसेंबरात तिथे ऐन पावसाळा असतो. उरलेल्या चारांपैकी मी तुला सगळ्यात जास्त दिवस लाओसला आणि व्हिएतनामला द्यायला सांगेन. बँकॉक तीन दिवस, मग रात्रीच्या गाडीनं चिआंग माई. वरचा बर्थ स्वस्त असतो, खालचा रुंद. नोव्हेंबरच्या पौर्णिमेला तिथे लॉय क्राथोंग असतो, बहुधा आपल्या त्रिपुरारी पौर्णिमेच्याच सुमारास. केळीच्या खोडाच्या चकतीवर पानांची द्रोणासारखी रचना करून, त्यात फुलं, उदबत्ती आणि मेणबत्ती लावून ती नदीत सोडतात. कृष्णेच्या घाटावर दिवे सोडलेल्या सांगलीच्या मुलीला हे काय आहे ते कुणी समजावून सांगायला नको. तारीख जुळत असेल तर त्या रात्री चिआंग माईत पिंग नदीकाठी थांब.

चिआंग माईहून चिआंग खोंग बसनं पाच-सहा तास. तिथून मैत्री पूल ओलांडला की पलीकडे लाओसमधलं हुआय साय. आणि इथून मेकाँग नदीतून संथ बोटीनं दोन दिवस लुआंग प्रबांगला. लोक म्हणतात, दोन दिवस बोटीत काय करायचं? मी दर वेळी गटाला याच बोटीनं नेते, आणि दर वेळी परत आल्यावर लोक देवळांविषयी कमी आणि बोटीविषयी जास्त बोलतात.

बोट लांबच लांब, लाकडी, वरून छप्पर, बाजूंनी उघडी. बसायला जुन्या गाड्यांतून काढलेल्या सीटा, त्याही खाली पक्क्या बसवलेल्या नसतात. कुणी मागे रेललं की अख्खी जोडी मागे सरकते. इंजिन मागच्या टोकाला धडधडत असतं, म्हणून लवकर पोच आणि पुढे बस. नोव्हेंबरअखेर सकाळी नदीवर इतकं धुकं असतं की काठ दिसत नाही. वारा अंगाला लागतो, सगळे गरम कपडे मोठ्या पिशवीत आणि पिशवी डेकखाली, अशी गत होते. तेव्हा स्वेटर आणि शाल हातात ठेव. दहा-अकराच्या सुमारास धुकं उठतं आणि मग दोन्ही काठांवर डोंगर, वाळूच्या पट्ट्यात लावलेले भुईमुगाचे वाफे, पाण्यात उभ्या म्हशी. बोट मध्येच कुठेतरी नुसत्या खडकापाशी नाक लावते, एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन उतरते आणि झाडीत दिसेनाशी होते. तिथे गाव आहे हे तुला कळतही नाही. संध्याकाळी पाकबेंगला मुक्काम. एकच चढती गल्ली आहे, खोल्या मिळतात, आधी आरक्षण केलं नाही तरी चालतं, पण बोटीतून उतरल्यावर सगळे एकदम चढायला लागतात म्हणून रेंगाळू नकोस. दुसऱ्या दिवसाचं जेवण तिथेच बांधून घे. बोटीत जे मिळतं ते महाग आणि बेचव. दुसऱ्या संध्याकाळी बोट लुआंग प्रबांगच्या बाहेर दहाएक किलोमीटरवर लागते. तिथून टुकटुक करावी लागते, यात फसवणूक काही नाही, धक्काच तिथे आहे.

या दोन दिवसांविषयी इतकं लिहिलं त्याला कारण आहे. तू आता अशा देशात जाणार आहेस जिथे सुरुवातीचे कित्येक महिने तुला पाट्या वाचता येणार नाहीत, दुकानदार काय म्हणाला ते कळणार नाही, आणि चाकणात जिला सगळे ओळखतात ती तू तिथे कुणीच नसशील. बोटीत शेजारच्या लाओ आजीबरोबर चिकट भाताचा मुटका वाटून खाताना, एकही शब्द समजत नसताना, दिवस मजेत जातो हे एकदा अनुभवलंस की मनातली एक भीती जाते. मला जर्मनीतल्या पहिल्या हिवाळ्यात याच आठवणीचा आधार वाटला होता.

लुआंग प्रबांगला चार दिवस दे. 1995पासून ते जागतिक वारसा आहे. पहाटे भिक्षू रांगेनं भिक्षेला निघतात. बघायचं तर रस्त्याच्या पलीकडून, गुडघे-खांदे झाकून, फ्लॅश न लावता. आपल्याकडे वारीत कुणी वारकऱ्याच्या तोंडासमोर फोन धरला तर कसं वाटेल, तसंच ते. तिथून उत्तरेला नोंग खिआव हे नदीकाठचं गाव तीन दिवस, मग लुआंग प्रबांगहून गाडीनं राजधानी व्हिएन्टिएनला. चीनच्या सीमेपासून येणारा हा लोहमार्ग 2021च्या डिसेंबरात सुरू झाला. पूर्वी ज्या रस्त्याला घाटातून अख्खा दिवस लागायचा तिथे आता दोन तास. व्हिएन्टिएनला कोप नावाचं केंद्र आहे, कृत्रिम हात-पाय बनवण्याचं. 1964 ते 1973 या काळात अमेरिकेनं या छोट्या देशावर 20 लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, त्यातले न फुटलेले अजून शेतात सापडतात. ते केंद्र पाहिल्याशिवाय लाओसमधून निघू नकोस. आणि लाओसमध्ये, विशेषतः पूर्वेकडे, मळलेली वाट सोडून कुठे जाऊ नकोस. ही तंबी गंभीर आहे.

लुआंग प्रबांग आणि व्हिएन्टिएनच्या मधल्या वांग विएंगला थांबणार असशील तर एक गोष्ट. 2024च्या नोव्हेंबरात तिथे दारूत मिथेनॉल मिसळलेलं असल्यानं सहा परदेशी पर्यटकांचा जीव गेला, बहुतेक तुझ्याहून लहान वयाचे. फुकट दिलेले घोट, बादलीतून येणारं मिश्रण, लेबल नसलेली तांदळाची दारू, यांतलं काहीही घ्यायचं नाही. समोर उघडलेली बिअरची बाटली ठीक.

व्हिएन्टिएन ते हनोई बस चोवीस तासांच्या आसपास घेते. मी एकदा केली, पुन्हा गटाला कधी नेलं नाही. विमानानं जा. तासाभराचा प्रवास आहे. हनोईत डिसेंबरात चक्क थंडी असते, आणि उत्तरेला ‘हा जांग’ नावाच्या डोंगराळ भागात त्याहून जास्त. त्यासाठी जे थर्मल आणि जाकीट घेशील तेच श्टुटगार्टला कामी येईल, म्हणून ते स्वस्तातलं घेऊ नकोस. हनोईहून सायगॉनपर्यंत 1726 किलोमीटरचा लोहमार्ग आहे. तो तुकड्या-तुकड्यांत कर: निन्ह बिन्ह, मग हुए, मग दा नांगला उतरून होई आन. हुए ते दा नांग हा तुकडा दिवसाउजेडीच घे. गाडी समुद्राला लागून हाय वान घाट चढते, खिडकी डाव्या हाताची धर. मध्य व्हिएतनामचा पाऊस आपल्यासारखा जून-जुलैत पडत नाही, तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो. 2025च्या ऑक्टोबरअखेर हुए आणि होई आन दोन्ही पाण्यात गेली होती. तू डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पोचशील तेव्हा जोर ओसरलेला असेल, तरी बातम्या पाहत राहा आणि वेळ पडली तर ते दोन मुक्काम सोडून सरळ दक्षिणेला जा.

शेवटचे चार दिवस कंबोडियातल्या सिएम रीपसाठी ठेव, अंगकोरची देवळं पाहायला. तीन दिवसांचा पास 62 डॉलर. महाग वाटतो, पण घे. बाराव्या शतकातल्या अंगकोर वाटच्या पश्चिम ओवरीत कुरुक्षेत्राचं युद्ध भिंतभर कोरलेलं आहे, त्यात शरपंजरी पडलेले भीष्म आहेत. पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथन, जवळजवळ 50 मीटर लांब. सकाळी सगळे सूर्योदयाचा फोटो काढून नाश्त्याला जातात, त्याच वेळी तू आत जा. ओवरी रिकामी असते. 1986 ते 1993 या काळात, जेव्हा तिथे जायला फारसं कुणी धजावत नव्हतं, तेव्हा आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या लोकांनी या मंदिराची डागडुजी केली, आणि पुढे जवळच्या ता प्रोम मंदिराचंही काम घेतलं. तिथे उभं राहिल्यावर हे माहीत असावं. एक लक्षात ठेव: 2025च्या जुलैत थायलंड आणि कंबोडियात लढाई झाली, जमिनीवरची नाकी बंद झाली. म्हणून कंबोडियात व्हिएतनामकडून शिर आणि विमानानं बाहेर पड. बँकॉक-सिएम रीप बसच्या जुन्या माहितीवर विसंबू नकोस.

आता स्कूटर. इथे मी स्वतःचं सांगते. 2012च्या त्या सहलीत चिआंग माईहून पाईला गेले होते. 762 वळणांचा रस्ता आहे, गावात तसं लिहिलेले टी-शर्ट मिळतात. परतताना एका वळणावर बारीक वाळू होती. वेग काही फार नव्हता, पण पुढचं चाक गेलं आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. विमा होता, पैसे भरले होते. कंपनीनं दावा नाकारला, कारण माझ्याकडे परवाना फक्त चारचाकीचा होता. अट कागदावर लिहिलेली होती, मी वाचली नव्हती. दवाखान्याचं बिल तर गेलंच. पण खरं दुःख नंतरचं. जर्मनीत पहिल्या दिवशी करारावर डाव्या हातानं सही केली. बँकेतल्या बाईंनी पासपोर्टवरची सही आणि माझी सही दोनदा ताडून पाहिली आणि खातं उघडायला तीन खेपा घालाव्या लागल्या. ज्या हातानं मला काम दाखवायचं होतं तो हात सहा आठवडे गळ्यात.

तू सांगलीत दुचाकी चालवतेस, परवाना असेल, म्हणून नियम सांगते. आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते-वाहतुकीच्या 1949च्या जिनिव्हा करारानुसार असतो. थायलंडमध्ये तो चालतो, त्यावर दुचाकीचा शिक्का असेल तर. व्हिएतनाम 1968च्या करारातला परवाना मानतं, म्हणजे तिथे आपला चालत नाही. भाड्यानं स्कूटर तरीही कुणीही देईल. पोलिसही कदाचित अडवणार नाहीत. पण पडलीस तर विमा हात वर करणार, आणि समोरच्याला लागलं तर प्रकरण तुझ्यावर शेकणार. हा जांगचा डोंगरी फेरा करायचाच असेल, आणि तो फार सुंदर आहे, तर स्थानिक चालकाच्या मागे बसून कर. तिथे त्यांना ‘इझी रायडर’ म्हणतात. बघायलाही जास्त मिळतं.

विम्याच्या बाबतीत आणखी एक भोक आहे, ते फार कमी जणांच्या ध्यानात येतं. चाकणच्या कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा तुझ्या शेवटच्या दिवशी संपतो. जर्मनीचा नोकरीबरोबर सुरू होतो. तिथे उतरल्यापासून नोकरी लागेपर्यंतच्या दिवसांचा विमा व्हिसासाठी घेतलाच असशील. पण 1 नोव्हेंबर ते जानेवारीचा पहिला आठवडा, यातले जे दिवस तू भारतात आहेस, त्यांना कुठलंच छत्र नाही. प्रवास विमा बाहेरच्या पस्तीस दिवसांपुरता. त्यामुळे स्वतःच्या नावावर एक साधी पॉलिसी आत्ताच घे. बहुतेक पॉलिसींत सुरुवातीचे 30 दिवस आजारपणाला संरक्षण नसतं, म्हणून उशीर नको.

निघण्याआधी महिनाभर डॉक्टरांकडे जा: टायफॉइड, हिपॅटायटिस ए, धनुर्वात. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, म्हणून मलम सकाळीच लाव. कुत्रा किंवा माकड चावलं, ओरखडलं तरी, साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धू आणि त्याच दिवशी लस सुरू कर. ‘उद्या बघू’ नको.

शाकाहारी आहेस की नाही ते लिहिलं नाहीस. असशील तर थायलंडमध्ये ‘जे’ म्हण, पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असलेली दुकानं त्यांचीच. व्हिएतनाममध्ये ‘चाय’, म्हणजे बौद्ध शाकाहार. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले कितीतरी लोक तेच जेवतात, त्या दिवशी तुझी चंगळ. नुसतं ‘मांस नको’ म्हटलंस तर माशाचा सॉस पडतोच, त्यांच्या लेखी ते मीठ आहे. लाओसच्या खेड्यात कठीण जातं, तिथे पिशवीत भडंग आणि मेतकूट असू दे. गरम भात सगळीकडे मिळतो.

पैसे: होस्टेलातली खाट, रस्त्यावरचं जेवण, बस-गाडी धरून दिवसाला अडीच ते तीन हजार रुपये पुरतात. वर विमानाची तिकिटं, व्हिसे, विमा, अंगकोर. माझ्या हिशोबानं एकूण एक लाख साठ ते ऐंशी हजार. यातले काही गेले तरी हरकत नाही, पण जर्मनीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेव आणि त्या खात्याचं कार्डच सोबत नेऊ नकोस. तिथे घराची अनामत कायद्यानं तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत घेता येते आणि पहिला पगार महिनाअखेर. थायलंडमध्ये परदेशी कार्डानं एटीएममधून पैसे काढले की दर वेळी दोनशेवर बाट कापतात, तेव्हा एकदम मोठी रक्कम काढ. भारतीय सिमवर रोमिंग सुरू ठेव, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही आणि कार्ड असून नसल्यासारखं. आणि सीएला आत्ताच विचारून घे: या आर्थिक वर्षात तू 182 दिवसांहून जास्त भारतात असशील, म्हणजे करासाठी इथलीच रहिवासी, आणि मार्चपर्यंतचा जर्मन पगारही इथल्या विवरणात दाखवावा लागेल.

एकटी मुलगी म्हणून सांगायचं तर हे रस्ते मला आपल्याकडच्या पुष्कळ रस्त्यांपेक्षा सोपे गेले. नव्या गावात अंधार पडायच्या आत पोच, पहिल्या रात्रीची खोली आधी ठरवलेली असू दे, रिक्षाऐवजी ॲपवरून गाडी घे. मुंबईच्या विमानतळावर आपलेच अधिकारी जरा जास्त प्रश्न विचारतील. थायलंडमधल्या नोकरीचं आमिष दाखवून कितीतरी भारतीय मुलांना म्यानमारच्या हद्दीत नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलंय, त्याची ही काळजी आहे. परतीचं तिकीट आणि श्टुटगार्टचं नियुक्तिपत्र फोनमध्ये ठेव, शांतपणे दाखव. वाटेत कुणी ‘दहा दिवसांचं सोपं काम आहे, सीमेजवळ’ म्हणालं तर तिथून ऊठ. परतताना कुणाचीही पिशवी, पुडा, भेटवस्तू घेऊ नकोस. बँकॉकहून गांजा आणताना मुंबईत पकडलेल्यांच्या बातम्या तू वाचतेसच.

आईसाठी एक व्यवस्था कर. लाओस, थायलंड, व्हिएतनाम, कंबोडिया, चौघांचंही घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. तिच्या रात्रीच्या आठला तुझे साडेनऊ वाजलेले असतील, रोज तेव्हाच फोन. फक्त बोटीच्या दोन दिवसांत रेंज जाते-येते, ते तिला आधी सांग, पाकबेंगचं नाव कागदावर लिहून फ्रिजवर लाव. माझ्या आईनं तेव्हा तो कागद मी जर्मनीहून परत येईपर्यंत काढला नव्हता.

पासपोर्ट हाती आला की व्हिसावरच्या तारखा कळव, मग पस्तीस दिवस कसे बसवायचे ते एकत्र बघू.